अझासायटिडिन आणि बाबांचे नांगे

आमच्या बाबांना रिकामी जागा बघवत नाही. एसटीत शेजारची सीट रिकामी असली, तर खिडकीतून हाका मारून कोणाला तरी आणून बसवतात. शेतात तर विचारूच नका. पेरणीनंतर जिथे बी उगवलं नाही तिथे पुन्हा सरकी टोचायची, याला नांगे भरणं म्हणतात. हे काम बाबा मजुरांवर सोडत नाहीत. तासात, म्हणजे पेरणीच्या ओळीत, एक नांगा दिसला तरी घाटंजीच्या बाजारात तोंड दाखवायची त्यांना लाज वाटते.

अशा माणसाच्या अंगणात मी माझा पीएचडीचा प्रयोग मांडला, आता बोला. कॉलेजच्या शेडनेटचं काम निघालं होतं आणि माझ्यापुढे दुसरी जागा नव्हती.

अझासायटिडिन हा माझा लाडका रेणू. आपल्या पेशीतल्या सायटिडिनसारखाच दिसतो, फक्त एका कार्बनच्या जागी नायट्रोजन. ओळख नसताना पंगतीत बसणाऱ्या पाहुण्यासारखा तो डीएनएत बसतो आणि पेशीलाही संशय येत नाही. मग जनुकांना गप्प ठेवणाऱ्या मिथाइलच्या खुणा नीट लागत नाहीत, आणि गप्प बसलेली काही जनुकं बोलायला लागतात. मात्रा जास्त झाली तर मात्र बीच मरतं. कपाशीला किती मात्रा सोसते, एवढंच मला आधी पाहायचं होतं. बाटलीच्या तळाशी चिमूटभर पावडर होती, ती पाण्यात फार टिकत नाही, म्हणून प्रयोगशाळेत ताजं द्रावण करून बिया भिजवल्या, धुतल्या आणि घरी आणून कुंड्यांत लावल्या. पावडर संपली. आता सगळी मदार कुंड्यांवर होती. किती रिकाम्या राहतात, तेच माझं उत्तर.

काही दिवस यवतमाळला राहून परत आले, तर जास्त मात्रेची रांगसुद्धा हिरवीगार. क्षणभर मला वाटलं, आपण काहीतरी मोठा शोध लावला. मग बाबांचा चेहरा दिसला. पोरीचं लग्न एकट्याने पार पाडल्यासारखा.

"लय नांगे पडलते," ते म्हणाले. "भरून टाकले. तुह्याच थैलीतली सरकी उरलती."

थैलीतली सरकी बिनऔषधाची होती. औषधाने माझी रोपं खुरटली होती, त्यामुळे बाबांची मागाहून आलेली रोपं त्यांच्या बरोबरीला आली होती. कोणतं माझं, कोणतं त्यांचं, काही कळेना.

"काहून तोंड पाडून बसली?" बाबा म्हणाले. "एकही जागा खाली नाही ठेवली."

तेच तर दुखणं होतं. समजावून सांगितलं, तेव्हा ते दोन दिवस धड जेवले नाहीत. माझ्या मार्गदर्शक मॅडमना फोन केला, तर त्या आधी पोट धरून हसल्या आणि मग म्हणाल्या, पावडर पुन्हा मागवू, पण वडिलांना कुंड्यांपासून लांब ठेव.

दुसऱ्या खेपेला जास्त मात्रेची रांग जवळजवळ ओसाड राहिली. मी खूश होते. बाबा अंगणातून जाताना मान फिरवून जात. बाजारच्या दिवशी शेजारचे काका आत डोकावले आणि म्हणाले, "पोरीचं काही उगवलं नाही वाटते."

मला वाटलं, आता बाबा सरकी घेऊन धावणार. पण ते म्हणाले, "उगवू नये म्हणूनच पेरलं हाय. सायन्स हाय ते." एवढा अपमान त्यांनी स्वतःच्या शेतासाठी कधी सोसला नसता. माझ्यासाठी सोसला.

संध्याकाळी पाहिलं, तर बाबा मगाने कुंड्यांना पाणी घालत होते. भरलेल्यांना घातलं, तेवढंच रिकाम्यांनाही.

"बाबा, तिथं काही येणार नाही आता," मी म्हटलं.

"मले माहीत हाय," ते म्हणाले आणि पुढच्या रिकाम्या कुंडीकडे वळले. "पण पेरलं त तूनंच ना."