दोनदा दाबलेलं बटण

ज्या गोदामात मी तंबाखूची पोती वाहिली, तिथंच निपाणीच्या प्रेमलाआक्कानं जन्मभर विड्या वळून दिल्या. विडीचं तोंड मुडपलं की ती नखानं दाबायची आणि खात्रीसाठी न बघता पुन्हा दाबायची. तिची विडी कधी सुटली नाही.

यंदा कंत्राटदार वृषभनं बायकांच्या मोबाइलवर नावापुढं एक बटण दिलं. लाल म्हणजे काम नको. दाबलं की हिरवं, म्हणजे काम हवं. पुन्हा दाबलं की परत लाल. सोमवारी नऊपर्यंत जिचं हिरवं, तिलाच आठवड्याची पानं आणि तंबाखू.

सोमवारी आक्का पाटी घेऊन आली. वृषभअण्णा मोबाइलात बघून म्हणाला,

"आक्का, तुझं लाल हाय. काम नको व्हय?"

"असं कसं अण्णा? दोनदा दाबलंय, घट्ट!"

रांगेतल्या बायका हसल्या. सुशीला म्हणाली, "आणि एकदा दाबायचं हुतंस की गं!"

"मग तुम्ही दाबा की अण्णा."

"नऊ वाजून गेले. आता हलत न्हाय."

आक्काच्या वाटणीची पानं त्यानं सुशीलेच्या पाटीत टाकली. सुशीलेच्या विड्या हातातच सुटतात, हे त्यालाही ठाऊक आहे.