मीरासाहेबांनी न पुसलेला चाकू

चिंचवड स्टेशनच्या रस्त्याला मीरासाहेबांचं खोकं होतं. कात्री, अडकित्ता, सुरी, सगळ्याला तिथं धार लावून मिळायची. पण माणूस ओळखला जायचा तो खिशातल्या घडीच्या चाकूंसाठी. त्या काळी कंपनीत जाणाऱ्या निम्म्या लोकांच्या खिशात असा चाकू असे. डब्यातला कांदा चिरायचा, वायरीचं आवरण सोलायचं, काम नसेल तर बसल्या बसल्या नखं काढायची. यातल्या कशालाही मीरासाहेबांची हरकत नव्हती. चाकू न पुसता मिटला, की मात्र त्यांचं डोकं फिरायचं.

मी शेजारीच भाड्यानं राहायचो. एकदा मोठ्या ऐटीत कंपनीतलं मशीनचं काळं तेल बाटलीत भरून त्यांना भेट म्हणून नेलं. त्यांनी बूच काढून वास घेतला आणि बाटली परत माझ्याच हातात ठेवली.

"दत्तोबा, तुमी ह्या चाकूनं पेरू खाता का लेथ चालवता?"

तेलाच्या बाबतीत त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसे. खायच्या चाकूच्या पात्याला खोबरेल, तेही थेंबभर, बोटानं पसरून. जो चाकू तोंडाशी जात नाही, त्याच्या सांध्याला शिवणयंत्राचं पातळ तेल. कुणी घरातलं करडईचं तेल घातलं असेल तर त्यांना वासावरून कळायचं, आणि ते वाळून चिकट होतं म्हणून गिऱ्हाइकाला दोन शब्द ऐकून घ्यावे लागायचे. पण तेलाच्या आधी चिंधी. पातं उघडायचं, पुसायचं, सांध्यातली घाण काडीनं काढायची, मगच तेलाला हात लावायचा. "घाणीवर तेल घातलं तर चोराला घरात ठेवून बाहेरनं कडी लावल्यासारखं हाय," म्हणायचे.

त्यांना रहिमान हा एकच मुलगा. कंपनीत रंगखात्यात लागला होता. हसरा, जरा आळशी, आईचा फार लाडका. चौऱ्याहत्तरच्या वैशाखात एके दुपारी त्यानं आईला कैरी चिरून दिली, चाकूच्या टोकानंच फोडींवर मीठ भुरभुरलं आणि चाकू तसाच मिटून कोनाड्यात टाकला. दुसऱ्या शिफ्टला उशीर होत होता. सायकलवर टांग टाकून गेला तो गेलाच. मुंबई-पुणे रस्त्यावर त्याला ट्रकनं उडवलं.

रहिमानचा चाळिसावा दिवस झाल्यावर मीरासाहेबांनी कोनाड्यातला तो चाकू उचलला. त्यांची बायको झुलेखाभाभी चुलीपुढून उठून आली आणि तिनं तो हिसकावून घेतला. घरात ते दोघं आपल्या बोलीत बोलत, मी मराठीत लिहितोय. ती म्हणाली, "त्यानं मिटलाय. कुणी उघडायचा न्हाई." मग तिनं कोनाड्यात पांढरं फडकं अंथरलं आणि चाकू त्याच्यावर ठेवला.

तेव्हापासून मीरासाहेब दर शुक्रवारी मशिदीतून आले की त्या मिटलेल्या चाकूच्या सांध्यावर बाहेरूनच तेलाचा थेंब सोडायचे. मला ते बघवत नसे. ज्या माणसानं अख्ख्या स्टेशन रस्त्याला चाकू पुसायला शिकवलं, त्याच्याच घरात हे चालावं? मी एकदा बोललोच.

"आत मीठ हाय, कैरीचं आंबट हाय. पातं खाऊन टाकंल ते. तुमाला मी सांगायचं व्हय?"

"ठाऊक हाय," ते म्हणाले. "तिचं मन मोडवत न्हाई."

तिकडे झुलेखाभाभी माझ्या बायकोजवळ, कौशल्येजवळ, वेगळंच बोलली होती. "यांना लोखंडाचं दुःख हाय, पोराचं न्हाई. एकदाबी डोळ्यांत पाणी आलं न्हाई." कौशल्या कुठलीही गोष्ट तिखटमीठ लावल्याशिवाय सांगत नाही, ही तिनं जशीच्या तशी सांगितली. नवराबायकोत कामापुरतं बोलणं उरलं होतं. ती ताट वाढून ठेवायची, ते जेवून उठायचे. पोरगा गेला त्याचं दुःख होतंच, पण त्याच्या मागे ही दोघं एका घरात राहून अशी एकेकटी झाली, याचं मला जास्त वाईट वाटायचं.

अशी बरीच वर्षं गेली. ऐंशी साल असेल, श्रावणात भिंतींना ओल आली होती. एका सकाळी झुलेखाभाभी आमच्या दारात आली. चेहरा पांढराफटक. "दत्तोबा भाऊ, चला. त्याच्यातनं तांबडं यायला लागलंय."

मी गेलो. कोनाड्यातल्या फडक्यावर गंजाचं पाणी पसरलं होतं. मी मीरासाहेबांना खोक्यावरून बोलावून आणलं. तिनं स्वतःच चाकू त्यांच्या हातात दिला आणि म्हणाली, "उघडा."

त्यांनी तो वाटीत रॉकेलमध्ये बुडवून ठेवला. मग त्यांनी पात्याच्या खाचेत नख घातलं. हलेना. लाकडावर हलकेच ठोकला, परत ओढलं. पातं निघालं ते निम्मंच. उरलेलं आत भुगा होऊन बसलं होतं.

भाभीनं तो तुकडा हातात घेतला. "तेव्हाच पुसला असता तर राहिला असता?"

"राहिला असता."

"म्हंजे मी न्हाई म्हणाले म्हणून गेला."

मी मीरासाहेबांकडे पाहिलं. मलाही त्यांनी तिचंच कारण सांगितलं होतं. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

"तुझ्यामुळं न्हाई," ते म्हणाले. "तू बाजारात जायचीस तवा घरात मी एकटाच असायचो. कितीदा तरी चाकू हातात घेतला, नख लावलं. न्हाई जमलं." त्यांनी रॉकेलची वाटी बाजूला सारली. "त्या दिवशी तू मागं मोरीत होतीस, तो निघाला तवा मी त्याच्यावर वरडलो होतो, चाकू पुसून ठेव म्हणून. दारातनंच म्हणाला, अब्बा, आल्यावर पुसतो. मग मी कसा पुसू?"

भाभीनं तोंडाला पदर लावला. "मला का न्हाई सांगितलंत?"

मीरासाहेबांचे खांदे हलायला लागले आणि माझ्यासमोरच ते लहान पोरासारखे रडले. मी उठलो, चपला पायात सरकवल्या. दारातून वळून पाहिलं तर झुलेखाभाभी त्यांच्याजवळ जमिनीवर बसली होती आणि त्यांच्या बोटांना लागलेला गंज आपल्या पदरानं पुसत होती.