बोकडाचं दार

आमच्या धंद्यातले किस्से साठत जातात, कारण ते सांगायची सोय कुठे नाही. लग्नात शेजारी बसलेल्याने "आपण काय करता?" विचारलं आणि मी "छोटे कत्तलखाने उभारून देतो" म्हटलं, की त्याचा घास हातातच राहतो. मी जनावरांचा डॉक्टर. मेंढपाळांच्या वाटेवर, रस्त्याकडेच्या धुळीत शेळ्या-मेंढ्या कापल्या जाऊ नयेत, त्यासाठी पाण्याची, निचऱ्याची नीट शेड असावी, एवढंच आमचं काम. वाईट काम जरा बऱ्या जागी व्हावं, म्हणा ना.

*

ऑफिस खडकीत, एका जुन्या इमारतीत. घरमालक काकांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "अहो, पाटीवर काय लिहिणार आपण?"

मी सांगितलं. काका म्हणाले, "'पशुसेवा' लिहा. खोटं कुठे आहे? शेवटची सेवाच ती."

तेव्हापासून पाटी तीच आहे. अधूनमधून कोणी आजी आजारी मांजर घेऊन जिना चढून येतात. मी त्यांना बाहेरच्या बाकावरच बसवतो आणि मांजर तिथेच तपासतो. आतल्या भिंतीवर नकाशे लावलेले आहेत.

*

नकाशे जोशी सरांचे. आमचे आर्किटेक्ट, घरात अंडंसुद्धा येत नाही. नकाशात त्यांनी 'रक्त' हा शब्द कधीच लिहिला नाही, नाल्यावर 'द्रव' असं लिहायचे. वाघोलीच्या पुढे आमची पहिली शेड झाली, तेव्हा सरांनी आत जाणाऱ्या रॅम्पला चकचकीत पांढऱ्या टाइल्स बसवल्या. का, तर स्वच्छ दिसावं.

पहिल्याच दिवशी मेंढ्यांना ओल्या टाइल्समध्ये आपलीच तोंडं दिसली आणि सगळ्या उलट्या फिरल्या. जोशी सर परत येताना गाडीत एवढंच म्हणाले, "मला वाटलं, निदान त्यांना तरी कळणार नाही."

टाइल्स काढून खरबरीत कोबा केला. तरी मेंढ्या आत जाईनात.

*

तिथे मेंढ्या आणायचे ते म्हाकू आबा. त्यांचा तळ जवळच्याच माळावर असायचा. सर त्यांना म्हणाले, "आबा, तुम्ही पुढे चाललात तर येतील ना मागे?"

"येतील की. जल्मापास्नं माझ्याच मागं येत्यात," आबा म्हणाले. "म्हनूनच मी जानार न्हाई. आमच्यात इकलं की पाठ फिरवायची, मागं बघायचं न्हाई. काय बी सांगा सायेब, पर माझ्या पायानं तितं न्यायला लावू नका."

उपाय आबांनीच काढला. त्यांच्या कळपापुढे भुऱ्या नावाचा बोकड चालायचा. तो रॅम्प चढला की मेंढ्या मागोमाग जायच्या. त्याला परत बाहेर काढायला सरांनी बाजूच्या भिंतीत एक बुटकं दार दिलं. आत काम करणारे अन्वरभाई त्या दाराशी उभे राहून भुऱ्याला भाकरीचा तुकडा द्यायचे. रोज सकाळी डबा उघडून आधी तो तुकडा मोडून ठेवायचा, हा त्यांचा नेम. तोवर आबा रस्त्यापलीकडे लिंबाखाली शेडकडे पाठ करून उभे असत.

*

बदललेल्या नकाशाच्या मंजुरीला आलेल्या साहेबांनी त्यावर बोट ठेवलं. "हे छोटं दार कशासाठी?"

"बोकडाला बाहेर पडायला."

"आणि मेंढ्यांना?"

"त्यांना नाही."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि सही केली. चहा मात्र घेतला नाही.

*

मग शेजारी सोसायटी उभी राहिली. मीटिंगमध्ये एक गृहस्थ म्हणाले, "आम्हाला ब्रोशरमध्ये इथे गार्डन दाखवलं होतं. ही शेड हटलीच पाहिजे."

रविवारी सकाळी त्यांचाच अन्वरभाईंना फोन. "जरा कोवळं बघून बाजूला ठेवाल का? पाहुणे आहेत."

अन्वरभाईंनी ठेवलं. शेड बंद करायचा हुकूम त्याच आठवड्यात आला.

*

त्याच सुमारास भुऱ्या गेला. पोट फुगलेलं होतं. मी फाडून बघितलं, तर आत प्लास्टिकच्या पिशव्यांचा गोळा. सोसायटीच्या मागे कचरा पडायचा आणि माळ तर आता तेवढाच उरला होता. मला फार वाईट वाटलं. आबांनी गोळ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "चारा म्हनून खाल्लं असंल."

चरायला रान नाही, म्हणून आबांनी उरलेला कळपही विकला. शेड बंद झाल्यावर विकला असता, तर मेंढ्या ट्रकमध्ये कोंबून, उन्हातान्हात लांबच्या कत्तलखान्यात गेल्या असत्या. आबांना ते नको होतं.

*

शेडचा शेवटचा दिवस. मेंढ्या रॅम्पपाशी येऊन थांबल्या. आम्ही हाकललं, ढकललं, दुसऱ्याचा बोकड आणून बघितला. एकही पाऊल पुढे टाकेना. अन्वरभाई आतून म्हणाले, "राहू द्या डॉक्टर, ट्रकच बोलवा."

रस्त्यापलीकडे आबा लिंबाखाली पाठ करून उभे होते. त्यांनी ते ऐकलं असावं. ते वळले, रस्ता ओलांडून आले, रॅम्पखाली वहाणा काढल्या आणि नेहमीची हाळी देत वर चढले. मेंढ्या मुकाट मागे गेल्या.

आम्ही बाजूच्या भिंतीशी उभे होतो. थोड्या वेळाने ते बुटकं दार उघडलं. आबा कमरेत वाकून बाहेर आले. दारात उभ्या अन्वरभाईंचा हात सवयीने पुढे झाला. हातात भाकरीचा तुकडा होता.

आबांनी तो घेतला आणि तिथेच उभं राहून खाल्ला.