बॅटरी बदलली म्हणून

कर्नाटकाच्या सीमाभागात, उद्यमबागच्या कारखान्यांच्या बाजूच्या पोलीस ठाण्यात मी फौजदार होतो, तेव्हाचं हे एक प्रकरण. चोरी नव्हती, मारामारी नव्हती. तरी आजही आठवलं की स्वतःचाच राग येतो.

एका निवृत्त मास्तरांना घरी ऑक्सिजनचं मशीन लावलेलं होतं. त्यासाठीच त्यांनी इन्व्हर्टर घेतला. एका दुपारी लाईट गेली आणि दोन मिनिटांत इन्व्हर्टरही बसला. शेजाऱ्यांनी मास्तरांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, म्हणून वाचले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पत्नी ठाण्यात आल्या. बॅटरी जेमतेम वर्षाची होती. आदल्याच आठवड्यात एक मेकॅनिक बॅटरीत पाणी भरून गेला होता, त्यानंच चांगली बॅटरी काढून जुनी बसवली, असं त्यांचं म्हणणं, आणि गल्लीतही त्यांनी तेच सांगितलं होतं. त्यांनी मराठीत सांगितलं, ठाण्याच्या कारकुनानं, रायटरनं, कन्नडमध्ये लिहून घेतलं.

हा मेकॅनिक मूळचा सदलग्याचा. आठवडाभर फौंड्रीत कामाला आणि सुट्टीच्या दिवशी घरोघरी बॅटरीची कामं. त्यानं दोन दिवसांपूर्वी भंगारात एक बॅटरी विकल्याची खबर आमच्या माणसानं आणली. झालं! मला तेवढं पुरे होतं. भर गल्लीतून त्याला जीपमध्ये घातला.

दोन दिवस सकाळी बोलवायचा आणि संध्याकाळी सोडायचा. विकलेली बॅटरी दुसऱ्या गिऱ्हाइकाची, त्यानंच विकायला सांगितलेली, असं तो म्हणाला. आम्ही विचारलं, ते खरं निघालं. तरी मी त्याचा पिच्छा सोडेना. चोर आवाज चढवतो किंवा पाया पडतो, असा माझा अनुभव. हा दोन्ही करत नव्हता, आणि त्याचाच मला जास्त संशय आला. एकच वाक्य धरून बसला होता.

"साहेब, ब्याटरी बदलल्याली न्हाय. तितं जाऊन बघा तरी."

तिसऱ्या दिवशी मास्तरांच्या घरी पंचनाम्याला गेलो. हेड कॉन्स्टेबलनं वॉरंटी कार्डावरचा नंबर बॅटरीवरच्या नंबराशी ताडून पाहिला. तोच नंबर! आधी माणूस उचलला आणि मग बॅटरी बघितली, असला माझा कारभार.

मग ती वर्षभरात मेली कशी? भिंतीवर एक स्विच होता. तो एका बाजूला टाकला की घर थेट लाईनवर चालायचं आणि इन्व्हर्टरचं चार्जिंग बंद. चार्जिंग होतंय का बघायला हेड कॉन्स्टेबलनं तो इन्व्हर्टरकडे फिरवून ठेवला होता. बाई चहा घेऊन आल्या आणि जाता जाता, बोलता बोलता, हात वर करून तो परत फिरवून गेल्या. त्यांच्या ध्यानातही नव्हतं. रोजची सवय.

मी विचारलं तसा त्यांचा चेहरा उतरला. सरकारी योजनेत ठरावीक युनिटच्या आत विजेचं बिल माफ होतं. एकदा वर गेलं आणि सगळं भरावं लागलं. तेव्हापासून युनिट वाचवायला त्या सकाळी तासभर चार्जिंग लावायच्या आणि बंद करायच्या; एरवी लाईट गेली तरच स्विच इन्व्हर्टरकडे. अर्धवट चार्जिंगनं बॅटरी गेली.

"मीच मारलं असतं की वो त्यास्नी," म्हणाल्या आणि खाली बसल्या.

मास्तरांना यातलं काही सांगू नका, अशी त्यांनी विनवणी केली. मी म्हटलं, मास्तरांना नका सांगू, पण त्या माणसाला गल्लीत चोर म्हणालात, तर गल्लीतच खरं सांगा. फौंड्रीत त्याला कोणी बोलेना, बॅटरीत पाणी भरायला कोणी बोलवेना, हे मला कळलं होतं. बाई धीराच्या. त्याला बोलावलं, शेजारणी जमल्या, आणि त्यांनी दारात उभं राहून सगळं सांगितलं. मास्तरांच्या कानावर जाणारच, हे ठाऊक असून सांगितलं.

त्यानं ऐकून घेतलं. "आक्का, नवी बसवल्यावर स्विच चालूच ठेवा," एवढंच बोलला.

मी शेजारीच उभा होतो, अंगावर वर्दी. चूक झाली, हे दोन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. पुढं नोकरीत वस्तू बघितल्याशिवाय मी माणसाला हात लावला नाही. या प्रकरणानं एवढं शिकवलं. पण त्या बाईंना जे जमलं, ते मला जमलं नाही. जाताना त्यानं सगळ्यांना नमस्कार केला, मला केला नाही. बरोबरच केलं त्यानं.