आधी आईचं नाव

धाकटीचा नंबर कायम दुसरा. लग्न होऊन आली तेव्हा थोरली जाऊ घरात आधीच पाय रोवून बसलेली. खिडकीजवळची खोली तिची, चहाचा पहिला कप तिचा. धाकटीची त्याबद्दल तक्रार नव्हती. निदान रोज नव्हती. खरं दुखणं होतं पाटीचं.

घरामागच्या शेडमध्ये दोघी जावा शोभेच्या माशांची पैदास करायच्या. थोरली शेंदरी जातीचे मासे सांभाळायची, धाकटी काजळी जातीचे. दोन्हींच्या संकराची ठिपकेवाली पिल्लं हातोहात खपायची. आता या धंद्याचा नियम असा, की संकराच्या टाकीवर आधी आईचं नाव लिहायचं, मग फुली, मग बापाचं. माद्या थोरलीच्या, नर धाकटीचे. म्हणजे पाटी जन्माची ‘शेंदरी × काजळी’. गिऱ्हाईक पाटी वाचून विचारायचं, त्या शेंदरीवाल्या बाई कुठे आहेत? धाकटी हातात जाळी घेऊन समोरच उभी असायची.

नवरा म्हणाला, नावं उलटी लिही की, माशांना कुठे वाचता येतं! धाकटी भडकली. खोटी पाटी लावायला ती काय भुरटी चोर होती? पुढे यायचं तर तिच्या माद्या आया व्हायला हव्यात, हाच सरळ मार्ग. तिने थोरलीकडे शेंदरी नर मागितले आणि हंगामापुरती मोठी टाकीही मागितली. थोरली म्हणाली, घे की. कंबर कसून भांडायला आलेल्या माणसाचा याहून मोठा पचका नाही.

पाटी लागली, ‘काजळी × शेंदरी’. पिल्लंही निघाली. पण काजळीची अंडी मुळातच बारीक, त्यामुळे पिल्लं इतकी एवढीशी, की खाणं तोंडात जाईना. पाण्यात चहूकडे अन्न आणि पिल्लं उपाशी. धाकटी उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून घालायची, टाकीपासून हलायची नाही. तरी रोज सकाळी तळाशी मेलेल्यांचा थर असायचाच. तिला रडू यायचं, आणि मग रडू आल्याचा राग. थोरली कधी टोमणा मारते याची ती वाट बघत होती. थोरली शेजारी बसून बलक गाळू लागली.

शेवटी ओंजळभर जगली.

पुढच्या हंगामात थोरली आपणहून म्हणाली, “याही वेळी मोठी टाकी तुझ्याच माद्यांना देऊ. आता हात बसलाय आपला.”

धाकटी बराच वेळ धुतलेलीच जाळी धूत राहिली.

“नको, जाऊबाई. तुमच्या माद्या घ्या. पाटीपायी पुन्हा पिल्लं मारायची नाहीत मला.”

थोरलीने पाटी रंगवायला घेतली. एरवी आईचं नाव ऐसपैस लिहून व्हायचं आणि बाप उरल्या जागेत चेपून बसायचा. या वेळी तिने आधी उजवीकडे, बापाच्या जागी, ‘काजळी’ काढलं, चांगलं ठसठशीत. मग फुली मारली. मग डावीकडे जेवढी जागा उरली, तेवढ्यात आपलं ‘शेंदरी’ बारीक अक्षरात बसवलं.