बिडाच्या चुलीचा तडा

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. बायकोला नाही, पोरांना नाही. देवापुढे हात जोडतानाही जिभेवर येऊ दिलं नाही — त्याला तसंही ठाऊक असणार. मग तुम्हालाच का सांगतोय? खरंच माहीत नाही. एवढं लिहितानाही दोनदा उठून अंगणात जाऊन आलो.

निजामाचा अंमल होता तेव्हाची गोष्ट. परभणीत स्टेशनच्या अंगाला माझं दुकान होतं. साहेबलोकांच्या बंगल्यांतल्या जुन्या विलायती शेगड्या हर्रासात निघायच्या, त्या मी उचलायचो. बिडाच्या शेगड्या — बीड म्हणजे ओतीव लोखंड, आमच्या शेजारचं गाव नव्हे. त्यात लाकडं जाळून म्हणे खोली उबदार करायची. परभणीत! हे खूळ कुणाच्या डोक्यातून निघालं असेल? तर या शेगड्या मी रॉकेल आणि विटेच्या भुकटीनं घासायचो, वरच्या झाकणाला भांड्यांसाठी तोंडं पाडायचो, मागून धुराचं नळकांडं काढायचो आणि त्यांची चूल करून द्यायचो. मेलेलं लोखंड माझ्या हातात उठून बसतं, असं बाजारभर सांगत फिरायचो. जीभ फार लांब होती माझी.

बोरीच्या एका लिंगायत व्यापाऱ्यानं, आप्पांनी, अशी चूल सांगितली. त्यांच्या घरचा स्वयंपाक थोरल्या भावाच्या विधवेकडे होता. सगळं घर तिला अक्का म्हणायचं. पाहुणा असो की गडी, जेवण अक्काच्या हातचं. नवरा गेलेल्या बाईला त्या घरात जो मान होता, तो चुलीपाशी होता. धुरानं तिचे डोळे अधू व्हायला लागले, म्हणून आप्पांना ही नळकांड्याची चूल हवी होती. चांगला माणूस — म्हणजे सगळेच चांगले होते हो. मी सोडून.

शेगडी घासली, गंज उतरला, आणि मागच्या बाजूला तडा दिसला. बारीक, नखाला लागेल एवढाच. पण बीड सांधत नाही, निदान माझ्या भात्यावर तरी नाही. दुसरी शेगडी हाताशी नव्हती. ‘आप्पा, थोडं थांबा’ — एवढं म्हणता आलं नसतं? आलं असतं. पण फुशारकी मारून बसलो होतो ना! लोखंडाचा कीस, नवसागर आणि गंधक कालवून लुकण केलं, तड्यात दाबून भरलं, वरून जवसाच्या तेलात काजळी घोटून फासली. मग बोट फिरवून पाहिलं, तर माझा मलाच तडा सापडेना. खूश झालो. हेही लिहायलाच हवं — खूश झालो होतो मी.

आमच्याकडे चूल रोज पोतारतात. शेणामातीचं ओलं पोतेरं फिरवल्याशिवाय बाईला चूल पेटवावीशी वाटत नाही. लोखंडाची असली म्हणून काय झालं, चूल ती चूल. आणि तापलेल्या बिडाला ओलं लागलं की ते तडकतं. चूल बसवून झाल्यावर मी अक्काला बजावलं, “गरम असताना ओलं लावू नका बरं, अक्का. तडकंल.”

“थंड झाल्याबिगर हात न्हाई लावनार, मिस्त्री,” ती म्हणाली, आणि नव्या चुलीला नमस्कार केला.

सगळं घर ऐकत होतं. मी मुद्दाम मोठ्यानं बोललो होतो का? कितीदा विचारलंय स्वतःला. होय. मुद्दाम.

श्रावणातल्या एका सोमवारी त्यांच्याकडे जंगम, म्हणजे त्यांचे गुरू, जेवायला होते. चुलीची मागची बाजू उकलली, चूल कलली आणि उकळत्या वरणाचं पातेलं अक्काच्या पायांवर आलं. जंगम न जेवता उठले. मला बोलावणं आलं.

तुटलेला तुकडा मी हातात घेतला. बीड नुकतं तुटलं असेल तर काठ राखाडी, चकचकीत दिसतो. या काठाचा अर्धा भाग आतपर्यंत तांबूस गंजलेला होता, आणि त्यात माझं काळं लुकण. मी त्यावर अंगठा ठेवला.

आप्पांनी विचारलं, कशानं झालं? मी बोलायच्या आधी अक्काच बोलली. पायांना लेप लावून भिंतीशी बसली होती. “मिस्त्री, तुमीच सांगा. म्या गरम असताना पोतारली न्हाई. लोखंड बघून तुमाला तर कळतंय की.”

तिनं मलाच साक्षीदार केलं होतं.

मी म्हणालो, “पाणी लागलंय.”

तिला कुणी मारलं नाही, घरातून काढलं नाही. फक्त चूल धाकट्या जावेकडे गेली. अक्का ओसरीवर धान्य निवडायला बसू लागली, वाढतील तेव्हा जेवू लागली. तिचं आता ध्यान राहत नाही, असं घरातले बोलू लागले. तो तुकडा मी परतताना वाटेतल्या ओढ्यात फेकला. आप्पांना दुसरी चूल फुकट बसवून दिली, तर लोक म्हणाले, मिस्त्री मोठ्या मनाचा आहे. मी ते ऐकून घेतलं.

निजाम जायच्या सुमारास एकदा बोरीला गेलो — सांगून टाकायचं ठरवूनच. वाटभर वाक्य जुळवत होतो. ओसरीवर टेकलो, अक्कानं पाणी दिलं. आत धाकटी जाऊ पोतेरं घेऊन चुलीपाशी वाकली होती. अक्का इथूनच ओरडली, “थांब गं! थंड होऊ दे. म्या येडीनं गरम असतानाच लावलं आन् समदं वाटोळं झालं.” मग माझ्याकडे वळली. “मला तर काईच आठवत न्हाई बघा. पन लावलं असंल. तुमी कशाला खोटं सांगताव?”

मी पाणी प्यालो. तांब्या खाली ठेवला. उठून आलो.

अक्का आता नाही. तिनं चूल थंड झाल्यावरच पोतारली होती. तडा माझ्या दुकानातून गेला होता.