नाल्यापलीकडचं शेवटचं घरकुल

लग्न होऊन मी अमरावतीहून बार्शीटाकळीकडच्या एका खेड्यात आले, तेव्हा गावात लाइट असण्यापेक्षा नसायचीच जास्त. दिवेलागणीला तर हमखास जायची. आम्ही बाया अंगणात बाज टाकून बसायचो. एकमेकींची तोंडं दिसत नसत, आणि पुढच्या वर्षापासून समोर नाल्यापलीकडे मात्र दहा बल्ब जळायला लागले.

ती घरकुलांची ओळ. तिकडची वीज शेतातल्या पंपाच्या लाइनीवरून घेतलेली, म्हणून गाव अंधारात असलं तरी तिकडे उजेड. ठेकेदारानं बटणं बसवलीच नव्हती. वायर ओढली, बल्ब लटकवला आणि गेला निघून. करंट आला की दहाही घरं आपोआप उजळायची, आणि त्या दहाही घरांत एक माणूस राहत नव्हतं. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी हसले. पुढे पुढे त्या बाजूला पाठ करून बसायला लागले.

माणसं राहतील कशी? जागा सरकारी ई-क्लासची, म्हणजे पडीक गायरानाची, गावची मेलेली ढोरं टाकायची. नांगर लावला की अजून हाडं वर येत. ज्यांना घरकुलं मिळाली त्या सगळ्यांची गावात घरं होती. चांगली नसतील, पण होती.

मग घेतली कशाला, असं कोणी विचारेल. ती वर्षंच तशी होती बापा. कापसानं दगा देऊन साऱ्या गावालाच एका रांगेत आणून उभं केलं होतं. पूर्वी घरकुलाचं नाव काढलं की नाक मुरडणारी माणसं आता 'आमी का कमी गरीब हाओत?' म्हणत छाती पुढे काढून यायची. घरासोबत संडास, फुकटची बत्ती, पुढेमागे गॅस. सोडतो कोण?

ही घरं वाटली त्या ग्रामसभेला मी होते. नवी नवरी म्हणून मागे, बायांच्या घोळक्यात. मारुतीच्या पाराजवळ नुसता कल्ला चालला होता. कोणाचं घर गळतं, कोणाची भिंत खचली, कोणाच्या घरात तीन सुना. माझे सासरे, मामाजी म्हणायची मी त्यांना, तेही आमची मागची भिंत कशी फुगली ते हात पसरून सांगत होते. भिंत फुगली होती हे खरं. पण चार खोल्याही होत्या, हेही खरं.

मग एक बाई उठली. गावचीच लेक, नात्यानं माझी लांबची ननंद. नवऱ्यानं टाकलेली. भावाच्या पडवीत राहायची आणि भावजयीचं रोज ऐकायची. ती एवढंच म्हणाली, "मले एक खोली द्या."

सरपंच म्हणाले, "बाई, तुह्यं लगन झालं. तू आता या गावची नाई. सासरी माग."

"सासरचे म्हणते का तू आमची नाई. मंग मी कोनची? सांगा ना!"

एक म्हातारा खाकरला. मग हात वर करायला लावले आणि तिच्यासाठी तिच्या सख्ख्या भावाचाही हात वर गेला नाही. शेवटचं घर मिळालं अकोल्यात दुकान असलेल्या एका माणसाला, जो सणावारालाच गावात यायचा. माझं तोंड पहिल्यापासून फाटकं. घरी येऊन मी मामाजींना म्हटलं, "त्याले काहून देल्लं?" मामाजी म्हणाले, "तुले काय करा लागते? आपल्याले भेटलं ना?" आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, मला डोळ्यांनीच गप्प केलं. तरी माझा जळफळाट काही जाईना.

ती बाई पुढे दिसेनाशी झाली. अकोटला कापसाच्या जिनिंगवर कामाला गेली, असं भावजय सांगायची.

घरं बांधून झाली, बल्ब लागले, आणि एका पावसाळ्यानंतर ओळीतला शेवटचा बल्ब विझायला लागला. उडाला असेल म्हणावं, तर दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला पुन्हा जळायचा. थोड्या वेळानं, आमच्या डोळ्यांदेखत, गप्पकन विझायचा. बाकीचे नऊ तसेच. शेजारची म्हातारी पदर तोंडाला लावून म्हणायची, "तिथं बाई दिसते. पन जित्ती नाई." गुराख्यानं एकदा तिन्हीसांजेला डोक्यावर घागर घेतलेलं कोणी नाल्यात उतरताना पाहिलं आणि ढोरं तिथंच टाकून पळत आला. घराचा मालकही पुन्हा तिकडे फिरकला नाही. मी वरवर 'काहीतरीच' म्हणायची, पण अंगावर काटा यायचा तो यायचाच.

अशात बातमी आली की तालुक्याहून साहेब घरकुलं पाहायला येणार. ज्या घरात कोणी राहत नाही, ते काढून दुसऱ्या गरजूला देणार. गावाची नुसती धांदल! आणि मग आमच्या शहाण्या माणसांनी जे ठरवलं, ते आमच्याच गावाला सुचावं. नुसतं सामान नेऊन ठेवून भागणार नाही, म्हणे. नवी चूल साहेब लोक ओळखतात. भिंतीला धूर लागला पाहिजे, राखेचा ढीग पाहिजे. तेव्हा घराघरातल्या बाईनं रोज दुपारी तिकडे जायचं, चूल पेटवायची आणि धूर करून परत यायचं.

आमच्या घरातून मी. काय सांगू तुम्हाला, तसल्या चुलीसमोर बसणं म्हणजे काय ते! कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या कडकड जळताहेत, वर तवा नाही, भांडं नाही. कोरी भिंत समोर काळी होत चालली आहे. बाहेर दोरीवर माझ्या नवऱ्याचा सदरा, मीच नेऊन टाकलेला. त्यानं त्या घरात कधी पाय ठेवला नव्हता आणि सदरा मात्र वाऱ्यानं फुगून माणसाएवढा व्हायचा. मला वाटायचं, इथं आमच्यासारखंच दुसरं एक घराणं राहतं आणि आम्ही त्यांचे कपडे वाळवतो आहोत. नऊ घरांतून धूर निघायचा आणि कुठंच अन्नाचा वास नाही. बाया आपापली चूल विझवून एकमेकींशी न बोलता पटापटा नाला ओलांडायच्या. अंधार व्हायच्या आत सगळ्या गावात.

एका दुपारी मला उशीर झाला. बाकीच्या निघून गेल्या होत्या. मी राख सारखी करत होते आणि कानावर आवाज आला. थप्, थप्, थप्. भाकरी थापण्याचा. शेवटच्या घरातून.

मी पळायलाच निघाले होते, खोटं कशाला सांगू. पण भाकरीचा वास आला आणि भीती थोडी हटली. भुताला भाकरी कशाला लागते? मी दार ढकललं. आत माझी ननंद परातीत पीठ घेऊन बसली होती. तीच दचकली माझ्यापेक्षा जास्त.

"वैनी, कोनाले सांगू नोको," ती म्हणाली.

घर म्हणावं असं तेवढं एकच घर होतं त्या ओळीत. एका कोपऱ्यात गाठोडं, एका कोपऱ्यात घागर, मधे सारवलेली जमीन, आणि भिंतीला खराखुरा धूर. अकोटला तिला काम मिळालं होतं, पण राहायला जागा नव्हती. म्हणून पावसाळा सरल्यावर ती गुपचूप इथं आली. दिवसा दार लावून राहायची, नाहीतर पलीकडच्या गावात कापूस वेचायला जायची. लोक भूत म्हणतात हे तिला ठाऊक होतं. "बरं हाय ना," म्हणाली, "भुताले कोनी निघ म्हनत नाई."

"अन् बल्ब?"

"उजेडात झोप येत नाई मले. पदरानं धरतो अन् फिरवून ढिला करतो, सकाळी पुन्हा कसतो." ती हसली. इतके दिवस सगळं गाव ज्याला घाबरलं, ते एका दमलेल्या बाईचं झोपणं होतं.

मला एकदम रडू आलं आणि संतापही आला. मी तिच्यासमोर बसून बजावलं, "हे पाय बाई, साहेब रिकामं घर दुसऱ्याले देनार हाय. अन् हे रिकामं नाई, तू राह्यतं इथं. साहेब आला का तू फक्त भाकरी थापत बसजो. बाकी मी बोलतो. तोंड हाय मले." तिनं पिठाचे हात पदराला पुसले. मग विचारलं, "म्हंजे हे घर माह्यं होईन? माह्यं सोताचं?" मी म्हटलं, "होईन." तिनं भाकरी मोडून अर्धी माझ्या हातावर ठेवली. मी तिथंच खाल्ली.

साहेब आले त्या दिवशी ऊन चढलं होतं. मागे अख्खं गाव. साहेब एकेका घरात डोकं घालायचे, काळी भिंत पाहायचे, राख पाहायचे, दोरीवरचे कपडे पाहायचे आणि मान हलवायचे. आमच्या घरी मामाजी दारात खाटेवर बसले होते, जणू जन्मापासून तिथंच बसले आहेत. नऊ घरं झाली. कोणाला हसू आलं नाही, हेच मला भयंकर वाटलं. मी पुढे घुसले आणि म्हटलं, "साहेब, शेवटच्या घरात खरंच बाई राह्यते. पाहा तुम्ही!" मागून कोणीतरी म्हणालं, "सुनेले बी दिसली वाटते."

साहेबांनी दार उघडलं. आत काही नव्हतं.

गाठोडं नाही, घागर नाही. चूल नाही. चुलीच्या जागी ओलं सारवण. भिंतीवरचा धूर मातीनं पोतारून टाकलेला, कोपऱ्यात राखेचा कणही नाही. दारापुढे रांगोळीची दोन बोटं. इतकं स्वच्छ, इतकं रिकामं घर मी आजवर पाहिलं नाही. माझीच मला शंका आली. त्या दिवशी मी भाकरी कोणाच्या हातची खाल्ली?

मग ती दिसली. गर्दीच्या मागे, नाल्याकाठच्या बाभळीखाली, धुतलेलं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन उभी. शेजारी गाठोडं आणि एक घमेलं. मी ओरडले, "ती पाहा! विचारा तिला!"

गर्दी बाजूला सरली. काही जण तर चांगलेच मागे हटले. साहेब नाल्याकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाले, "काय हो बाई, तुम्ही राहता का या घरात?"

"नाई साहेब," ती म्हणाली. "आजून नाई."

मी कपाळावर हात मारला. साहेबांनी घर रिकामं ठरवलं, निर्णय होईपर्यंत कुलूप लावायला सांगितलं आणि ते चहाला गेले. बाकीची नऊ घरं भरलेली ठरली. मामाजी खाट उचलून गावात घेऊन आले.

मी तिच्यावर धावूनच गेले. "चूल काहून मोडली वं? एवढं सांगितलं होतं!"

तिला माझा राग कळेचना. "वैनी, ते चोरून मांडलेली चूल होती," ती म्हणाली. "साहेब आज घर देनार, मंग आपल्या घरात जाताना चूल नवी पायजे का नाई? तशीच उष्टी चूल चालन का?" घमेल्यात नव्या चुलीसाठी माती मळून ठेवली होती, कुटार, म्हणजे भुसा, घालून, मऊ, लोण्यासारखी.

दुसऱ्या दिवशी मी तिकडे गेले. जायचं काही कारण उरलं नव्हतं, तरी गेले. ती कुलूप लावलेल्या दारासमोर बसून घमेल्यातल्या मातीवर ओंजळीनं पाणी शिंपडत होती. मला पाहून थोडी सरकली आणि बसायला जागा केली.

"माती वाळू देऊन नाई चालत," ती म्हणाली. "साहेब आले का लगेच लागन."